दहा रुग्ण, दहाही बरे : गांधीजींची 'की टू हेल्थ' रिसर्चवाल्यांनी कशी वाचावी?

पीएचडीची सिनॉप्सिस लिहायला बसलात आणि विषय आहार, आरोग्य किंवा शाश्वत जीवनशैली यांतला असला, तर पहिल्याच पानावर एक वाक्य आपोआप उतरतं. आपल्या पूर्वजांची राहणी मुळातच वैज्ञानिक होती आणि आधुनिक विज्ञान ते आता सिद्ध करतंय, अशा अर्थाचं. 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर भारतीय ज्ञान प्रणालीवर विषय घेणारे वाढलेत, तसं हे वाक्यही वाढलंय. त्यात वाईट काय, असं विचाराल. वाईट एवढंच, की निष्कर्ष पहिल्या पानावरच येऊन बसला. मग पुढची चार वर्षं तुम्ही करणार काय?

यावर नुसतं बोलण्यापेक्षा एक पुस्तक हातात घेऊन बसू या. पुस्तक छोटं आहे, दोन संध्याकाळी वाचून होतं, आणि त्याचा बराचसा कच्चा माल आपल्या नागपूरपासून पंचाहत्तर किलोमीटरवरच्या सेवाग्रामातला आहे. महात्मा गांधींची 'की टू हेल्थ', मूळ गुजरातीत 'आरोग्यनी चावी'. 'चले जाव'च्या अटकेनंतर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ऑगस्ट ते डिसेंबर 1942 या काळात ते लिहिलं गेलं. इंग्रजी केलं डॉ. सुशीला नायर यांनी, आणि ते छापून आलं 1948 मध्ये. त्याचा एक जुना अवतारही आहे. दक्षिण आफ्रिकेत असताना 1913 साली 'इंडियन ओपिनियन'मध्ये गांधीजींनी आरोग्यावर गुजराती लेखमाला लिहिली होती. म्हणजे मध्ये जवळपास तीस वर्षं गेली. हा जुना अवतार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुस्तकाचे भाग दोन. पहिल्यात शरीर, हवा, पाणी, अन्न, मसाले, चहा-कॉफी, दारू, तंबाखू, ब्रह्मचर्य. दुसऱ्यात उपचार, आणि त्यांची मांडणी पंचमहाभूतांवर: माती, पाणी, आकाश, तेज, वायू. ही अनुक्रमणिका पाहिली की कुणालाही वाटेल, हे तर शुद्ध भारतीय परंपरेतलं पुस्तक. इथेच पहिली गंमत आहे. मातीच्या प्रकरणात गांधीजी श्रेय देतात आडोल्फ युस्ट यांना आणि पाण्याच्या प्रकरणात लुई कूने यांना. दोघंही एकोणिसाव्या शतकातले जर्मन. युस्टचं 'रिटर्न टू नेचर' गांधीजींच्या हाती पडलं दक्षिण आफ्रिकेत. कूने लाइपझिगचा, टबात बसून घ्यायच्या कटिस्नानाचा प्रचारक. शरीरात साचलेलं विजातीय द्रव्य हेच सगळ्या रोगांचं एकमेव कारण, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे चौकट सांख्य-आयुर्वेदाची आणि आतला माल सॅक्सनीचा! गांधीजींनी हे लपवलेलं नाही, नावं घेऊन सांगितलंय. ते आपण विसरलो. आज 'आयुष'मधला 'वाय' म्हणजे योग आणि निसर्गोपचार, आणि शेवटचा 'एच' म्हणजे होमिओपॅथी. तिचा जनक हानेमानसुद्धा जर्मनच. तेव्हा 'पारंपरिक' हा शब्द लिहिण्याआधी कुणाची, कधीपासूनची, कोणत्या वाटेनं आलेली, एवढं तरी तपासा. यातून उपचार खोटा ठरत नाही, पण जुना आहे म्हणून खरा, हा आधार मात्र निसटतो.

आता पाण्याकडे येऊ. संशयाचं पाणी उकळून प्यावं, हा पुस्तकातला आग्रह मला त्यातला सर्वात मोलाचा वाटतो. (मी मायक्रोबायोलॉजीची, त्यामुळे पक्षपात समजून घ्या.) चहाच्या प्रकरणात याला जोडून एक सुरेख गोष्ट येते. चीनमध्ये पाण्याचा भरवसा नसे, म्हणून ते उकळावं लागे. कुणा हुशार चिनी माणसानं अशी पानं शोधली, जी पाणी खरोखर उकळलेलं असेल तरच सोनेरी रंग देतात. म्हणजे गांधीजींच्या मते चहा मुळात पेय नव्हतंच, पाणी उकळल्याची चूक न होणारी खूण होती. एवढं सांगून ते आपल्याकडच्या कडक चहावर घसरतात, टॅनिनमुळे तो त्यांना घातक वाटतो. आपल्या टपरीवरच्या चहाबद्दल ते काय म्हणाले असते, विचारायलाच नको.

पण खूण कितपत पक्की? घरी करून बघता येईल. एका पेल्यात उकळतं पाणी, दुसऱ्यात 70 अंशांचं, तिसऱ्यात माठातलं. तिन्हीत सारखी चहापत्ती. पहिला लगेच रंगेल, दुसरा मिनिटा-दोन मिनिटांत, तिसरा रात्रभरात. म्हणजे पाणी उकळलेलं असेल तर रंग येतोच, पण न उकळलेल्या पाण्यातही येतो. आपल्या भाषेत, चाचणीची सेन्सिटिव्हिटी उत्तम आणि स्पेसिफिसिटी बेकार. न चुकणारी खूण हा दावा पडला.

थांबा, इथेच सोडू नका. टायफॉइडचा जंतू मारायला शंभर अंश लागत नाहीत. 70 अंशांच्या वर तो झपाट्यानं मरतो. दूध पाश्चराइज करताना 72 अंश आणि 15 सेकंद पुरतात. चहा चटकन आणि बऱ्यापैकी रंगला, तर पाणी बहुधा त्या टप्प्याच्या आसपास होतंच. म्हणजे स्पष्टीकरण चुकीचं आणि चहा पिणारा तरी बऱ्याच अंशी सुरक्षित! पारंपरिक म्हणवल्या जाणाऱ्या कितीतरी सवयी अशाच असतात. सवय टिकते, कारण तिच्यात चुकीला जागा ठेवलेली असते. कारण मात्र कुणीतरी मागाहून चिकटवतं. तुमच्या प्रपोजलमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या काढा. 'अमुक केल्यानं अमुक होतं' हा एक दावा. 'ते अमुक कारणानं होतं' हा दुसरा. पहिला खरा निघाला म्हणून दुसरा आपोआप खरा होत नाही, आणि दुसरा पडला म्हणून पहिला फेकायचा नसतो. हे एवढं जरी नीट मांडलंत तरी व्हायव्हाला निम्मे प्रश्न कमी होतील.

अन्नाच्या प्रकरणात गांधीजी आकडे देतात, म्हणून ते मला आवडतं. बैठं काम करणाऱ्या माणसाचा रोजचा आहार: गाईचं दूध 2 पौंड, धान्य 6 औंस, पालेभाजी 3 औंस, इतर भाज्या 5 औंस, कच्ची भाजी 1 औंस, तूप दीड औंस किंवा लोणी 2 औंस, गूळ किंवा पांढरी साखर दीड औंस, आणि फळं आवडीप्रमाणे व ऐपतीप्रमाणे. हो, पांढरी साखर. 'साखर म्हणजे पांढरं विष' असं गांधीजींच्या फोटोखाली फिरवणाऱ्यांनी हे पान एकदा बघावं.

आकडे दिले की हिशेब करता येतो. दूध झालं साधारण 900 ग्रॅम, धान्य 170, तूप 42, गूळ 42. मी बेरीज केली तर सुमारे 1800 किलोकॅलरी आणि 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या 65 किलोच्या पुरुषाला 2110 किलोकॅलरी आणि 54 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. किरकोळ अंगकाठीच्या माणसाला गांधीजींचा तक्ता जवळपास पुरतो. 1942 साली, तुरुंगात बसून लिहिलेला तक्ता म्हणून हे वाईट नाही.

पण त्या बेरजेत थोडं आत शिरा. निम्म्याहून जास्त प्रथिनं आणि एक तृतीयांश ऊर्जा एकट्या दुधातून येते. तक्त्यात डाळ नाही. दूध असेल तर ती लागत नाही, असा हिशेब. फळांना 'ऐपतीप्रमाणे' ही सवलत आहे, दुधाला नाही. रोज जवळजवळ लिटरभर दूध! वर्धा जिल्ह्यातल्या शेतमजुराच्या घरी तेव्हा ते कुठून येणार होतं, आणि आज तरी कुठून येतं? त्याच्याकडे असते ती ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण. आता 'साधी राहणी' आणि 'शाश्वत आहार' म्हणून हाच तक्ता पुढे केला, तर गाय, चारा, पाणी, जमीन सगळंच मोजावं लागेल. साधं दिसणारं ताट स्वस्त असतंच असं नाही, आणि पर्यावरणाला हलकं असतंच असंही नाही. माझ्या मते पुस्तकातली सर्वात मोठी उणीव हीच. मातीच्या पट्ट्यांवर सगळे हसतात, पण या तक्त्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

गंमत म्हणजे दुधाबद्दल गांधीजींचं स्वतःचं मत उलट होतं. माणसाला आईच्या दुधानंतर दुधाची गरज नाही, असं ते मानत. 1913 च्या त्या लेखमालेचा सूर तोच होता, आणि त्यांनी स्वतः दूध वर्षानुवर्षं सोडलं होतं. 1918 च्या मोठ्या आजारपणानंतर ते शेळीच्या दुधावर आले. पुढे आत्मकथेत त्यांनी वाचकांना बजावलं, की माझ्या जुन्या पुस्तकावर विसंबून दूध सोडलं असेल तर अनुभवी सल्ल्याशिवाय ते तसं चालू ठेवू नका. 1942 च्या तक्त्यात दूध सर्वात वर आहे. तीस वर्षांत दावा बदलला, आणि बदलला तो स्वतःच्या आवडत्या सिद्धांताच्या विरोधात जाऊन. एखाद्या लेखकाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचायचा फायदा हा असतो. फक्त शेवटची आवृत्ती वाचली तर मत दिसतं, मत कशानं हललं ते दिसत नाही.

आता मुख्य मुद्दा. मातीच्या प्रकरणात गांधीजी सांगतात की सेवाग्रामात टायफॉइडचे साधारण दहा रुग्ण झाले. मातीच्या पट्ट्या आणि इतर नैसर्गिक उपाय केले, औषध कुठलंही दिलं नाही. दहाही पूर्ण बरे झाले, आणि आश्रमात आता टायफॉइडची भीती उरली नाही. वाचणाऱ्यावर याचा जबरदस्त परिणाम होतो. दहापैकी दहा! क्लोरॅम्फेनिकॉल हे टायफॉइडवरचं पहिलं खरं परिणामकारक औषध वापरात आलं 1948 मध्ये. म्हणजे गांधीजी लिहीत होते तेव्हा अॅलोपॅथीच्या डॉक्टरकडेही या रोगावर नेमकं औषध नव्हतं. आश्रमानं फार काही नाकारलं होतं, असं म्हणता येत नाही.

पण दहापैकी दहा म्हणजे किती पुरावा? प्रतिजैविकं येण्याआधी टायफॉइडनं साधारण शंभरात दहा ते वीस माणसं मरत. मधला आकडा धरू, पंधरा. म्हणजे काहीही उपचार न करता एक रुग्ण वाचण्याची शक्यता 0.85. दहाही वाचण्याची शक्यता 0.85 चा दहावा घात, म्हणजे जवळपास 0.20. असे पाच आश्रम असते आणि पाचही ठिकाणी माती लावलीच नसती, तरी त्यातल्या एकात 'दहापैकी दहा' असा निकाल लागलाच असता. मृत्युदर दहा टक्के धरला तर शक्यता 0.35, म्हणजे तीनांतल्या एका आश्रमात.

उलट बाजूनं बघा. दहा रुग्णांत शून्य मृत्यू, तर खरा मृत्युदर जास्तीत जास्त किती असू शकतो? 95 टक्के विश्वासपातळीवर सुमारे 26 टक्के. म्हणजे या दहा रुग्णांवरून मातीच्या उपचारात मृत्युदर शून्य आहे असंही म्हणता येईल आणि नेहमीपेक्षा दीडपट आहे असंही. डेटा दोन्ही मुकाट ऐकून घेतो. पंधरा टक्क्यांची शक्यता तरी फेटाळायला ओळीनं किमान 19 रुग्ण बरे व्हायला हवे होते. आणि ते झाले असते तरी श्रेय मातीचंच, हे कुठे ठरतं? आश्रमात शुश्रूषा होती, उकळलेलं पाणी होतं, पोटाला सोसेल असं अन्न होतं, रात्री उशाशी बसणारं माणूस होतं. टायफॉइडच्या तिसऱ्या आठवड्यात आतड्याला छिद्र पडण्याची भीती असते, तेव्हा या गोष्टींनी बराच फरक पडतो. रुग्णांचं वय काय, निदान कशावरून केलं, विडाल टेस्ट झाली होती का, यांपैकी काही तिथे दिलेलं नाही. सेवाग्रामच्या परिसरात मलेरियाही होताच.

आणि तरी मी या उताऱ्याला थट्टेवारी नेणार नाही. कारण त्यात अशा दोन गोष्टी आहेत, ज्या आजच्या कितीतरी 'होलिस्टिक' पेपरांत सापडत नाहीत. एक, आकडा दिलाय. 'अनेक रुग्णांना गुण आला' असं लिहिलेलं नाही. आकडा होता म्हणून मी वरचा हिशेब करू शकले. दोन, ताप आपला काळ घेतोच, हे गांधीजी मान्य करतात. माती तो काळ कमी करते, असा त्यांचा दावा नाही. अस्वस्थपणा कमी होतो, रुग्णाला बरं वाटतं, एवढंच ते म्हणतात. दावा लहान आहे, म्हणून तपासता येण्याजोगा आहे.

कसा तपासाल? ओली माती कपाळावर ठेवली की पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. उन्हाळ्यात आपला माठ याच तत्त्वावर चालतो आणि कूलरही. मग पहिला प्रश्न: माती वेगळं काय करते, जे ओलं फडकं करत नाही? म्हणजे तुलना माती आणि काहीच नाही यांची लावायची नाही, माती आणि ओलं फडकं यांची लावायची. दुसरा प्रश्न ऋतूचा. मे महिन्यात 45 अंशांच्या कोरड्या हवेत नागपुरात माठ गारेगार होतो; ऑगस्टमध्ये तोच माठ कोमट राहतो. टायफॉइड मात्र पावसाळ्यात वाढतो. तेव्हा ज्या महिन्यांत रुग्ण जास्त, त्याच महिन्यांत हा उपाय सर्वात लुळा पडायला हवा. बघा, एवढ्या एका विचारातून एक सरळ भाकीत मिळालं, जे चुकीचंही ठरू शकतं. मला सिनॉप्सिसमध्ये असं वाक्य वाचायला आवडेल.

तुलना म्हणजे काय, याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण नवी मुंबईचं. महापालिकेनं 2018 मध्ये टायफॉइडची नवी संयुक्त लस मुलांना द्यायला घेतली. सगळ्या शहराला एकदम न देता आधी काही भागांत दिली आणि बाकीच्या भागांत नंतर द्यायचं ठरलं. त्यामुळे लस मिळालेले आणि न मिळालेले भाग, त्याच शहरात, त्याच काळात, शेजारी-शेजारी ठेवून बघता आले. सेवाग्रामच्या दहा रुग्णांना असा शेजार नव्हता. गांधीजींना तो का नव्हता, हे समजण्यासारखं आहे. ते तुरुंगातून आठवणीवर लिहीत होते. तुमच्याकडे मात्र फेलोशिप आहे.

ब्रह्मचर्याच्या प्रकरणावर मी जास्त लिहीत नाही. वीर्यरक्षण आणि शरीरबळ यांचा तिथे जोडलेला संबंध शरीरशास्त्रात बसत नाही. गांधीजींचा विचार समजून घेणाऱ्याला ते प्रकरण महत्त्वाचं आहे, आरोग्य समजून घेणाऱ्याला नाही. काही जण नेमकं तेच प्रकरण दाखवून अख्खं पुस्तक मोडीत काढतात. ती आळशी टीका झाली. पाण्याचं प्रकरण त्यामुळे चुकीचं ठरत नाही.

एकूण पुस्तकाबद्दल माझं मत असं, की पहिला भाग दुसऱ्यापेक्षा कितीतरी मजबूत आहे. पहिल्यात रोग होऊ नये म्हणून काय करावं ते आहे, आणि तिथे माप, प्रमाण, कृती सापडते. दुसऱ्यात झालेला रोग बरा कसा करावा ते आहे, आणि तिथे आठवणीतल्या यशकथा येतात. अपयशाची कथा लोक सांगत नाहीत, त्यामुळे छेद किती आणि अंश किती हे कळायला मार्ग नाही. शिवाय स्वतः लेखकाचं आयुष्यही पुस्तकाइतकं सरळ नाही. जानेवारी 1924 मध्ये त्यांचं अॅपेंडिक्सचं ऑपरेशन झालं ते पुण्याच्या ससून रुग्णालयात, कर्नल मॅडॉक यांच्या हातून. तिथे माती आणि टब यांवर भागलं नाही.

आणि सुशीला नायर? पुस्तक इंग्रजीत नेणाऱ्या या बाई एमडी डॉक्टर होत्या, आगाखान पॅलेसमध्येही सोबत होत्या. मातीच्या पट्ट्यांचं प्रकरण त्यांनी शब्द न शब्द अनुवादलं. सेवाग्रामात मात्र त्यांनी कस्तुरबा रुग्णालय उभं केलं आणि 1969 मध्ये त्याला जोडून मेडिकल कॉलेज, देशातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज. बापूकुटी बघून झाली की तिकडेही चक्कर मारा, एकाच गावात आहे. टायफॉइडचा संशय आला की तिथे आज रक्त कल्चरला जातं, आणि जंतूला कोणतं औषध लागू पडेल ते पाहिलं जातं.